परांची बांधणाऱ्याचं लायसन्स नक्की कुठं मिळतं?

शिरोलीचा_पाना
रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं शेड उभारणीची कामं घेतोय. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, कधी इचलकरंजीला लूमच्या शेडवर. गँग १४ जणांची. खांब उभे करणं, छताच्या कैच्या चढवणं, पर्लिन म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या, पत्रा सगळं करतो आणि त्याला लागणारी परांचीपण, म्हणजे वर उभं राहायचा बांबू-पाइपचा सांगाडा, आम्हीच बांधतो.

परवा एका कारखान्याच्या गेटवर नवीन सेफ्टी ऑफिसरनं माणसं अडवली. म्हणे स्कॅफोल्डरचं आणि इरेक्टरचं, म्हणजे परांची बांधणाऱ्याचं आणि स्टील उभारणाऱ्याचं लायसन्स दाखवा, मग आत सोडतो. मी बांधकाम कामगार मंडळाची कार्डं काढून दाखवली तर हसला. "हे नाही हो, लायसन्स!"

आता एकजण भेटलाय. माणशी साडेचार हजार, व्हॉट्सॲपवर फोटो आणि आधार पाठवा, दोन दिवसांत होलोग्रामवालं कार्ड. ट्रेनिंगचं विचारलं तर म्हणाला, "तुमची माणसं काय नवीन हायत व्हय?" ते खरंच हाय म्हणा. आमचा मुकादम वीस वर्षं वर चढतोय.

तर हे लायसन्स असतं का? असलं तर कुठल्या ऑफिसला? हायड्रा क्रेन सांगून ठेवलीय, तारीख हुकली तर भाडं माझ्या अंगावर. जरा लवकर सांगा.

कायदा_कट्टा
रविवार, रात्री ११:०५

पाना, आधी त्या माणसाला पैसे देऊ नका. मग पुढचं वाचा.

आपल्याकडं परांची बांधणाऱ्याला किंवा स्टील उभारणाऱ्याला सरकार व्यक्तिगत परवाना देत नाही. त्यामुळं कुठल्या ऑफिसला मिळतो या प्रश्नाला उत्तरच नाही. कायदा तीन वेगळे कागद देतो आणि तिन्हींना लोक सरसकट लायसन्स म्हणतात, सगळा घोळ तिथं आहे.

पहिला कागद आस्थापनेच्या नोंदणीचा. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणं १० किंवा जास्त कामगार लावणाऱ्याला तो लागतो. तुमची गँग १४ ची, म्हणजे तुम्ही यात येता. केलीय का नोंदणी? दुसरा कंत्राटदाराचा परवाना, तो ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तर. तुम्हाला लागू नाही. तिसरी कामगाराची मंडळाकडची नोंदणी. वय १८ ते ६० आणि आधीच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम, एवढीच अट. ती कल्याणकारी योजनांसाठी आहे, पैसा बांधकाम खर्चावरच्या १ टक्का उपकरातून येतो. हा माणूस बांधकाम कामगार आहे एवढंच ते कार्ड सांगतं. त्याला उंचीवर काम जमतं का, हे नाही सांगत. सेफ्टी ऑफिसरनं हसायला नको होतं, पण मुद्दा त्याचा बरोबर होता.

सुरक्षेच्या बाजूनं बघाल तर केंद्राच्या १९९८ च्या नियमांत परांचीवर अख्खं प्रकरण आहे. परांची उभी करणं, तिच्यात फेरफार करणं, ती उतरवणं हे सगळं जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावं असं त्यात आहे. म्हणजे बांधणाऱ्याचा हात कायदा तपासत नाही, त्याच्यावर कोण उभा होता ते विचारतो. तेही बहुतेक वेळा अपघात झाल्यावर.

आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९९६ चा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेत गेला. संक्रमणकाळात जुने नियम चालू राहतील असं सरकारनं तेव्हाच सांगितलंय. सुरक्षा अधिकारी नेमायची मर्यादा बांधकामाला आधी ५०० कामगारांची होती, संहितेत २५० झाली. पण कामगाराच्या व्यक्तिगत परवान्याचा विषय तिच्यातही नाही.

गंगावेस_९
रविवार, रात्री ११:२०

साडेचार हजारात होलोग्राम! भावा, तेवढ्यात दोन बरे सेफ्टी हार्नेस येतील की. होलोग्राम कमरंला बांधून लटकणार हाईस काय?

ऑफसीझन
सोमवार, सकाळी ६:४८

मी साखर कारखान्यात चौतीस वर्षं मेंटेनन्सला काढली, आता निवृत्त. हा प्रश्न मला फार वर्षं सलतोय म्हणून जरा लांब लिहितो.

बॉयलर हाऊसचं बघा. बॉयलर चालवणाऱ्या अटेंडंटला प्रमाणपत्र लागतं, परीक्षा देऊन मिळवलेलं. बॉयलरच्या प्रेशर पार्टला वेल्डिंग करणारा आयबीआरचा, म्हणजे बॉयलर नियमांचा वेल्डर, त्याची टेस्ट वेगळी. वायरमनला परवाना. चेन पुली आणि क्रेनची तपासणी वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून, फॅक्टरी ॲक्टमध्येच होती. आता हे सगळे परवानेवाले पन्नास फुटांवर ज्या फळ्यांवर उभं राहून काम करतात त्या फळ्या कोण बांधतो? सकाळी नाक्यावरनं आणलेला गडी. त्याला कोणी काही विचारत नाही. बारा लोकांचा जीव त्याच्या गाठीवर आणि सगळ्या कारखान्यात कागद नसलेला माणूस तेवढा एकच.

एका ऑफसीझनला, कारखान्याचं नाव नको, रस आटवायच्या इव्हॅपोरेटरच्या बॉडीभोवती बांबूची परांची होती. मृग लागून गेलेला, फळ्या ओल्या. आदल्या दिवशी पेंटरच्या पोरांनी ब्रश पोचेना म्हणून एक आडवा बांबू सोडला आणि तसाच खाली ठेवला. सकाळी आमचा हेल्पर त्या फळीवर गेला, फळी पलटली. उंची फार नव्हती, अकरा फूट. टाचेचं हाड फुटलं. तीन वर्षांनीही तो पाय लंगडतच टाकायचा.

चौकशीला बसलो. परांची कोणी बांधली? तो गडी दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या साइटवर गेलेला. बांबू कोणी सोडला? पेंटर म्हणे आम्ही नाही. वापरायला योग्य आहे असं कोणी सांगितलं? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला पाहिजे हे मला ठाऊकही नव्हतं.

दुसऱ्या सीझनपासून पत्र्याचे तुकडे कापून हिरवे-लाल रंगवले. हिरवा टांगला तर चढायचं, त्यावर खडूनं तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव. फेरफार झाला की लाल. याला बाहेरच्या देशांत स्कॅफटॅग म्हणतात आणि तो विकत मिळतो, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

गॅरेजवाला_कोपू
सोमवार, सकाळी ९:३०

काका, अनुभव मोलाचा आहे. पण लायसन्स आणलं तर काय होणार ते सांगू? ड्रायव्हिंगचं जे होतं तेच. एजंट, फॉर्म, फोटो, घरपोच कार्ड. आज साडेचार हजारला बोगस मिळतंय, उद्या साडेसात हजारला अस्सल मिळेल, माणूस तोच आणि गाठपण तीच. वर गरीब गड्याच्या हातचं काम जाईल. शाळा न शिकलेल्यानं लेखी परीक्षा कशी द्यायची?

ऑफसीझन
सोमवार, सकाळी ९:४२

लायसन्स काढताना गडबड होते म्हणून बिनलायसन्सचा ट्रक तुम्ही तुमच्या पोराच्या शाळेसमोरनं जाऊ द्याल का?

गॅरेजवाला_कोपू
सोमवार, सकाळी ९:४५

काका चिडू नका ओ. मिसळ खायला या एकदा, समोरासमोर भांडू.

मेलबर्नचा_मंगळवारपेठी
सोमवार, दुपारी १:१५

माझा धागा म्हणायचा हा. मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या मेलबर्नमध्ये रिगर, म्हणजे क्रेननं जड सामान उचलून बसवणारा. इथं हे लायसन्स खरोखर आहे म्हणून कसं चालतं ते सांगतो.

नाव हाय रिस्क वर्क लायसन्स. परांचीवरनं माणूस किंवा वस्तू ४ मीटरपेक्षा जास्त खाली पडू शकत असेल, तर ती बांधायला, बदलायला आणि उतरवायला लायसन्सवालाच लागतो. उतरवायलासुद्धा, हे लक्षात घ्या. आपल्याकडं उतरवताना कोण बघतंय? वरनं फेकायचं काम.

तीन पायऱ्या आहेत. बेसिकमध्ये तयार सिस्टिमची परांची, म्हणजे आपल्या कपलॉकसारखी, ठरलेल्या कपात पाइप अडकवायची. शिवाय जिन व्हील म्हणजे दोराची कप्पी, सेफ्टी नेट, ब्रॅकेटची परांची. इंटरमीडिएटमध्ये सुटे पाइप आणि ते जोडणाऱ्या कपलरची परांची, भिंतीतनं बाहेर काढलेली कँटिलिव्हर, मास्ट क्लाइंबर म्हणजे खांबावरनं वर-खाली सरकणारा प्लॅटफॉर्म. ॲडव्हान्स्ड म्हणजे वरनं टांगलेली. गंमत बघा, आपल्याकडं नवशिक्याला आधी सुटे पाइप-कपलर हातात देतात, इथं ते दुसऱ्या इयत्तेत आहे. कारण सिस्टिममध्ये जागा ठरलेल्या असतात. सुट्या पाइपात प्रत्येक जोड तुमच्या डोक्यातनं येतो.

स्टील उभारणी परांचीच्या लायसन्समध्ये येत नाही, ती रिगिंगमध्ये येते. आधी डॉगिंग, म्हणजे लोड बांधणं, उचलायचा पट्टा म्हणजे स्लिंग निवडणं, क्रेनवाल्याला इशारे देणं. त्यावर बेसिक रिगिंग, त्यात स्टील इरेक्शन. म्हणजे पाना, तुमच्या गँगला इथं दोन वेगळी लायसन्सं लागली असती.

वय किमान १८, मान्यताप्राप्त संस्थेत शिक्षण, मग असेसरसमोर परीक्षा. लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष बांधून दाखवणं. शिकाऊ असताना लायसन्सवाल्याच्या नजरेखाली हात घालता येतो. ५ वर्षांनी नूतनीकरण. कोपू, इथंही पैसे घेऊन घाईघाईत शिकवणारे भेटतात, स्वर्ग नाही हा. पण कार्ड रद्द होतं आणि रद्द झाल्यावर माणसाची रोजी जाते, म्हणून खोटी सही करताना हात थरथरतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लायसन्सवर गोष्ट संपत नाही. ४ मीटरच्या वरची परांची झाली की सक्षम व्यक्तीनं तपासून लेखी द्यायचं, मगच वापर. पुढं जास्तीत जास्त ३० दिवसांनी पुन्हा तपासणी. ऑफसीझन काकांनी पत्र्यावर खडूनं केलं ते हेच.

परांचीवाला_बावडा
सोमवार, रात्री ८:५०

मी सोता बांदतोय म्हणून लिवतो. सतरा वर्सं झाली. माझं मत इचारलं नाय कुनी पन देतो.

गड्याला काय येत नाय आसं समजू नका सायेब. कपलॉकचा कप हातोडीनं ठोकला की आवाज येतो. बसला नसंल तर आवाज पोकळ येतो, बसला आसंल तर टण्ण. मी खाली उभा राहून वरच्या पोराचा आवाज ऐकतो. काथ्या भिजवून मऊ करून बांदायचा, कोरडा काथ्या गाठीत मोडतो. बांबू उभा करायच्या आदी ठोकून बगायचा, चिरलेला लगीच बोलतो. हे कुठल्या कागदावर लिवनार?

पन येक खरं हाय. माझ्याकडं कागद नाय म्हनून माझा दर आन काल गावाकडनं आलेल्या पोराचा दर सारकाच. मुकादमाला दोगंबी येकच. परीक्षा ठिवली तर मी देतो, तोंडी ठिवा आन बांदून दाखवायची ठिवा. मग माझं दोनशे रुपय जास्ती द्या. देनार काय?

आन मंडळाचं कार्ड माझ्याकडं हाय. आमच्या आळीत त्याला भांड्यांचं कार्ड म्हनत्यात, त्यावर भांडी मिळत्यात म्हनून.

राजारामपुरी_स्ट्रक्चरल
सोमवार, रात्री १०:०३

बावडाभाऊ, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. टण्ण आवाज कुठल्याच कोडमध्ये लिहिलेला नाही, पण तो बरोबर आहे.

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर, पीईबी, म्हणजे आधी कारखान्यात भाग बनवून आणलेल्या स्टील शेडची डिझाइन करते. धाग्यात परांचीवर खूप झालं, स्टीलवर कमी, म्हणून तिकडं वळते.

शेड उभी झाल्यावर सहसा पडत नाही. पडते ती उभी होत असताना. तुळया आणि खांब जेव्हा एकमेकांना धरून नसतात ते दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. त्यातून आपल्याकडं कामाचा हंगाम मार्च ते मे आणि नेमका त्याच वेळी वळीव. दुपारी चारला पश्चिमेकडनं धूळ उठते, दहा मिनिटांत वारं. सहा फ्रेम उभ्या, ब्रेसिंग म्हणजे तिरके आधार "उद्या लावू" म्हणून खाली पडलेलं. एका ओळीत पत्त्यांसारख्या आडव्या झालेल्या फ्रेम मी पाहिल्यात. संध्याकाळची सुट्टी झाली होती म्हणून खाली माणूस नव्हता.

म्हणून पहिले दोन खांब-फ्रेम उभे केले की त्यांच्यातलं ब्रेसिंग आणि पर्लिन त्याच दिवशी पूर्ण करायचं आणि हा पहिला गाळा घट्ट झाल्यावरच पुढची फ्रेम उचलायची. गाळा अर्धा असताना घरी जायचं नाही, जायचं तर तात्पुरत्या तारा ओढून जायचं.

अमेरिकेत इरेक्टरला सरसकट सरकारी लायसन्स नाही, तरी त्यांच्या ओशाचे, म्हणजे कामगार सुरक्षा संस्थेचे स्टील इरेक्शनचे नियम बारीक आहेत. खांबाला किमान ४ अँकर बोल्ट. क्रेनचा दोर सोडायच्या आधी तुळईच्या प्रत्येक जोडाला किमान २ बोल्ट, नुसते अडकवलेले नाही, पान्यानं आवळलेले. आपल्या साइटवर एक बोल्ट आणि एक पोडगर म्हणजे टोकदार शेपटीचा पाना घुसवून हायड्रा मोकळा करतात, कारण हायड्रा तासावर चालतो. पाना, तुमच्यावर टीका नाही, पण तुम्हीही हे करत असणार.

आपल्याकडंही कोड आहेत, आयएस म्हणजे भारतीय मानकं. स्टील उभारणीच्या सुरक्षेला आयएस ७२०५, १९७४ चा. परांचीला आयएस ३६९६, पहिला भाग परांची आणि दुसरा शिडी. पाइप-परांचीला आयएस ४०१४. वर्क ऑर्डरमध्ये "सर्व लागू आयएस कोडप्रमाणे" अशी एक ओळ असते, तिच्याखाली दोघंही सही करतात आणि कोड दोघांपैकी एकानंही उघडलेला नसतो.

शिरोलीचा_पाना
सोमवार, रात्री १०:४०

ताई, करतो. एक बोल्ट, एक पोडगर. कबूल.

कायदा_कट्टा, आस्थापनेची नोंदणी केलेली नाही. मला वाटायचं ती मोठ्या बिल्डरला. आता गेटवर काय दाखवू ते सांगा. सेफ्टी ऑफिसरला फोन केला होता, तो म्हणतो "काहीतरी सर्टिफाइड दाखवा, मला ऑडिटला फाइल भरायचीय."

चंदगड_टू_दम्माम
सोमवार, रात्री ११:१८

"काहीतरी सर्टिफाइड" हे वाक्य मी आखातात रोज ऐकलं. नऊ वर्षं सौदीत स्कॅफोल्डिंगला होतो.

तिकडं मोठ्या साइटवर ब्रिटनच्या सीआयएसआरएस योजनेचं परदेशी कामगारांसाठीचं ओएसटीएस नावाचं ट्रेनिंग चालतं, लेव्हल १, २, ३. लेव्हल १ वाल्यानं एकट्यानं मोठं काम करायचं नाही. ब्रिटनमध्ये तर गमतीचा प्रकार, सीआयएसआरएसचं कार्ड हा सरकारी परवाना नाही, उद्योगाची स्वतःची व्यवस्था. पण कार्ड नसेल तर साइटवर कोण घेत नाही. कायदा उंचीवर काम करणारा सक्षम असावा एवढंच म्हणतो आणि परांची दर ७ दिवसांनी तपासायला लावतो. आपल्याकडंही कंपन्यांनी मनावर घेतलं तर कायद्याची वाट बघायला नको.

जाता जाता, धागा वाचून कुणी पोरं आखाताची स्वप्नं बघत असतील तर. परदेशी पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडनं जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. आमच्या तालुक्यात पोरांनी शेत गहाण टाकून दीड-दोन लाख भरलेत. दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा असतो, त्यांचं सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरनं क्लिअरन्स होतं. व्हिजिट व्हिसावर नेणाऱ्याच्या गाडीत बसू नका.

कायदा_कट्टा
मंगळवार, सकाळी ८:२०

पाना, गेटवर दाखवायचं ते असं.

माणसाच्या कौशल्याचा कागद पाहिजे तर बांधकाम क्षेत्राची कौशल्य परिषद आहे, कन्स्ट्रक्शन स्किल डेव्हलपमेंट कौन्सिल ऑफ इंडिया. तिच्या यादीत असिस्टंट स्कॅफोल्डर आणि स्कॅफोल्डर ही कामं आहेत. तुमची माणसं शिकलेलीच आहेत, म्हणून तुम्ही आरपीएल विचारा, म्हणजे आधीच्या अनुभवाची मान्यता. थोडं वर्गात, मग प्रत्यक्ष काम बघून मूल्यमापन. प्रमाणपत्रावर क्यूआर असतो, तो स्किल इंडियाच्या पोर्टलवर उघडतो. तुमच्या त्या होलोग्रामवाल्याला एवढंच विचारा, क्यूआर कुठल्या साइटवर उघडतो?

हा परवाना नव्हे, हे पुन्हा सांगतो. तो नसला तर गुन्हा नाही. असला तर सेफ्टी ऑफिसरची फाइल भरते आणि उद्या काही झालं तर माणूस शिकवलेला होता हे तुम्हाला दाखवता येतं.

त्याच्याबरोबर आस्थापनेची नोंदणी. १४ जणांचे फिटनेस सर्टिफिकेट, त्यात चक्कर, आकडी, रक्तदाब बघितलेला असावा. हार्नेसवर आयएस ३५२१ चा मार्क. हायड्राचा आणि स्लिंगांचा तपासणी दाखला हायड्रावाल्याकडनं मागून घ्या, तो मागितल्याशिवाय देत नाही. जबाबदार व्यक्ती म्हणून मुकादमाचं नाव लेखी द्या, पण आधी त्याला सांगून. बरेच लोक न सांगता नाव घालतात आणि त्या बिचाऱ्याला पोलीस चौकीत कळतं.

आणि विमा. इथं ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू नसेल तर कर्मचारी भरपाईची पॉलिसी घ्याच. हिशेब करून दाखवतो. १९२३ च्या भरपाई कायद्याचा तक्ता घ्या, तो कायदाही आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. पंचवीस वर्षांचा मुलगा कामावर दगावला तर मासिक पगाराच्या निम्म्याला २१६.९१ नं गुणायचं, पगार जास्तीत जास्त १५,००० धरून. म्हणजे ७,५०० गुणिले २१६.९१, झाले १६ लाख २६ हजार ८२५. त्याच्या घरचे हे कारखान्याकडूनही मागू शकतात आणि कारखाना ते तुमच्याकडनं वसूल करू शकतो. मंडळाकडं चालू नोंदणी असेल तर कामावरच्या मृत्यूला ५ लाखांची मदत वेगळी, म्हणून ते भांड्यांचं कार्ड दरवर्षी नूतनीकरण करत चला.

गॅरेजवाला_कोपू
मंगळवार, सकाळी ८:५५

१६ लाखांचा आकडा बघून माझं मत थोडं हललं. थोडंच.

कणेरीची_वहिनी
मंगळवार, दुपारी ३:३०

मी इथं फक्त वाचत असते. माझे मिस्टर पत्रा मारायला जातात. घरी बेल्ट आहे, पण तो भिंतीला टांगलेला. विचारलं तर म्हणतात हूक अडकवायला वर जागाच नसते, मग बेल्टचं ओझं कशाला? खरं आहे का हे, की मला गप्प करायला सांगतात?

राजारामपुरी_स्ट्रक्चरल
मंगळवार, दुपारी ४:१०

वहिनी, निम्मं खरं आहे, म्हणून जास्त वाईट आहे. पत्र्यावर हूक अडकवायला काहीच नसतं. ती जागा कंत्राटदारानं आधी करून द्यायची असते, शेडच्या दोन टोकांना बांधलेली स्टीलच्या दोराची लाइफलाइन. आणि बेल्ट कमरेचा असेल तर तो भिंतीलाच राहू दे, पडल्यावर पोट आणि कणा जातो. खांदे-मांड्यांचा फुल बॉडी पाहिजे, दोन हूकवाला. एक हूक सोडताना दुसरा अडकलेला राहतो.

उंचीचंही गणित आहे. दोर दोन मीटरच्या आत, त्याचा शॉक ॲब्सॉर्बर उघडला की आणखी पावणेदोन मीटर, मग माणसाची उंची. खाली साधारण सहा मीटर मोकळे नसतील तर पायापाशी अडकवलेल्या हूकानं पकडायच्या आत माणूस जमिनीला लागतो. म्हणून हूक डोक्याच्या वर. मिस्टरांना विचारा, जुन्या सिमेंट पत्र्यावर जातात का? तो पत्रा माणसाचं वजन घेत नाही, त्यावर आधी फळी टाकायची.

कणेरीची_वहिनी
मंगळवार, रात्री ९:०२

जातात. आज जेवताना विचारलं. फळी कधीतरी टाकतात म्हणाले. शनिवारी त्यांच्या काँट्रॅक्टरच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलवलंय, तिच्याशी बोलते.

शिरोलीचा_पाना
बारा दिवसांनंतर, रविवार, संध्याकाळी ७:२५

उशीर झाला, माफ करा. हायड्राचं एक दिवसाचं भाडं गेलं ते गेलंच.

होलोग्रामवाल्याला क्यूआरचं विचारलं. आधी म्हणाला सर्व्हर डाऊन आहे, मग म्हणाला तो आमचा प्रायव्हेट क्यूआर आहे. ब्लॉक केला.

आस्थापनेच्या नोंदणीचा अर्ज भरला. पॉलिसी घेतली, १४ जणांची. आरपीएलसाठी एका प्रशिक्षण केंद्राच्या माणसाशी बोललो, तो साइटवर येऊन मूल्यमापन करायला तयार झाला. बॅच भरायला २० माणसं पाहिजेत म्हणाला. बावडाभाऊ, तुम्ही आणि तुमचे पाचजण येताय का? तुमचा खर्च माझ्याकडं.

सेफ्टी ऑफिसरनं सध्या पंधरा दिवसांची मुदत देऊन आत सोडलंय, एका अटीवर. रोज सकाळी चढायच्या आधी मुकादमानं परांची बघून टॅगवर सही करायची. मुकादम म्हणाला सही नको, अंगठा चालंल का? त्याला सही येते, पण नाव अडकलं तर काय ही भीती. अर्धा तास समजावलं. काल पहिल्यांदा त्यानं एक बे म्हणजे परांचीचा एक गाळा लाल करून ठेवला, बेस प्लेट ओल्या मुरमात रुतली होती म्हणून. मी स्वतः घाईत होतो, म्हटलं चालतंय की. तो म्हणाला, "सही माझी हाय न्हवं?" आणि खाली उतरून लाकडाचं फाळकं घालेपर्यंत कुणाला चढू दिलं नाही.

ताई, तुळईला दोन बोल्ट चालू केलेत. हायड्रा दर शेडमागं साधारण दोन तास जास्त लागतोय. ते दोन तास दरात कसे धरायचे, पार्टी ऐकत नाही. यावर कुणाचा अनुभव?

परांचीवाला_बावडा
रविवार, रात्री ९:४०

येतो. सात जन हाय आमी. लेखी आसंल तर आदी सांगा, पोरीला संगं आनतो वाचायला.